धुराची बाजू

दापोडीत घरामागची आमची जागा म्हणजे
बारा बाय वीसची फरशी, एक पेरू,
एक बंद पडलेला पंप आणि कपड्यांची तार.
नाताळच्या दुसऱ्या दिवशी तार सोडली
तेव्हा कळलं, वर आकाशही होतं.

शलमोन मस्कतहून आला तो चिमटे घेऊनच.
लांब दांड्याचे, लाकडी मुठीचे, सहा नग.
"तिकडे आम्ही दर शुक्रवारी करतो," म्हणाला,
आणि बोपोडीच्या बशीरभाईंकडून
ऑइलचा ड्रम उभा चिरून आणला,
खाली चार पाय, वर जुन्या कूलरची जाळी.
टेम्पोवाल्याने उतरवताना विचारलं,
"म्हशी किती आहेत?"

सजावट माझ्याकडे.
बोहरी आळीतल्या माळा,
त्यातले निळे दिवे तेवढे लुकलुकतात,
बाकीचे पेटले की पेटले.
पेरूच्या शेंड्याला तारा.
वरच्या साठ्येकाकूंनी गॅलरीतून आकाशकंदील सोडला,
एक शेपटी कमी.
"त्रिपुरीनंतर काढायचा राहिलाच होता."
त्यांच्या पनीरच्या चिमट्याला मी हिरवा दोरा बांधला.
त्यांनी येऊन दोनदा पाहिला.

सातला पाहुणे आले.
पावणेआठपर्यंत कोळसा काही पेटला नाही.
रॉकेल नको, वास लागतो.
कापूर झाला, जुनं वर्तमानपत्र झालं,
रिबेकाने हेअर ड्रायर आणला, एक्स्टेन्शन जोडलं,
राख उडून केकवर बसली.
अॅम्युनिशन फॅक्टरीत तीस वर्षं काढलेले अनुग्रहमामा
लांबून सांगत होते, हवा खालून हवी.
मसाला लावलेलं चिकन दह्यात निवांत पडून होतं.
त्याला कसलीच घाई नव्हती.

आई दारात उभी.
नव्या साडीत. पदर न खोचता.

नेवाशाकडे एकोणीस वर्षं चूल होती तिच्या नावावर.
शेत नव्हतं, घर नव्हतं, चूल होती.
गॅस आला त्या संध्याकाळी
तिने फुंकणी नेऊन विहिरीत टाकली,
हे आम्ही लहानपणी गंमत म्हणून ऐकायचो
आणि विचारायचो, आवाज कसा आला?
"डुबुक," म्हणायची ती.

"सरका," म्हणाली.
उकिडवी बसली. आम्ही रचलेला सगळा कोळसा बाहेर काढला,
बारीक तुकडे निवडून उभे लावले, मधे पोकळी,
पोकळीत कणसांची सोललेली सालं, पेरूची वाळकी पानं.
केकच्या खोक्याचं झाकण घेऊन
हळू वारा घातला, झोपलेल्याला घालतात तसा.
फुंकर एकदाही मारली नाही.

तीन मिनिटं.
आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे लाल.

टाळ्या वाजल्या. शलमोन व्हिडिओ काढत होता.
गुडघ्यावर हात टेकून उठताना ती म्हणाली,
"हौस चांगली आहे रे.
मला कुणी विचारलं नव्हतं, हौस आहे का."

तो व्हिडिओ त्याने कुठेच टाकला नाही.

साबणाने दोनदा हात धुऊन
आई सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसली, ताऱ्याखाली,
आणि म्हणाली, "आता मला वाढा."
पहिली तंगडी जाळीवर पडली, चरबी ठिबकली,
धूर उठला, जरा घुटमळला,
आणि सरळ तिच्याकडे निघाला,
जुन्या ओळखीचा असल्यासारखा.

ती उठली नाही.
आम्हीच उठलो.
मी, शलमोन, मामा, आणि साठ्येकाकूसुद्धा,
ओली पोती हातात घेऊन, चार पायांना चौघं,
पेटता ड्रम उचलून फिरवला.
वारा बदलला. पुन्हा फिरवला.
कणसं करपली, रताळी आतून कच्ची राहिली,
गडबडीत हिरवा दोरा कुठे गेला कळलं नाही,
काकू म्हणाल्या, "जाऊ दे."

आईने दोन तंगड्या खाल्ल्या, वर पनीरही चाखलं.
मीठ कमी आहे म्हणाली.

सकाळी तार बांधायला मागे गेले
तर फरशीवर ड्रमच्या पायांचे ओरखडे.
पंपापासून पेरूपर्यंत, पेरूपासून भिंतीपर्यंत.
मोजले. नऊ वेळा.