निधान

गुंजीच्या अलीकडं, ओढ्यावरच्या पुलाला
नऊ वर्षांपूर्वी मी एक पाटी रंगवली.
पिवळ्यावर काळं. वर आकडा, वीस.
खाली कानडीत एकच शब्द: निधान.
म्हणजे सावकाश.

घरी बाबांनी विचारलं, काय लिहून आलास?
सांगितलं.
हसले. म्हणाले, आपल्यात निधान म्हणजे ठेवा,
पुरून ठेवलेलं धन.
लिहून घेणाऱ्या सायबाला ठाऊक नसंल.

तेव्हापासून गाडी पुलावर इतकी हळू व्हायची
की खिडकीतल्या माणसाच्या
शर्टाचं तुटकं बटण दिसावं.
खाली धुणं बडवणाऱ्या बाया हात थांबवायच्या,
गाडी सरली की पुन्हा सुरू.
शट्टूप्पा कीमन हातोडीनं रिव्हेटा वाजवत जायचा,
ठण्ण, ठण्ण, ठण्ण, मग एक ठप्प.
त्या ठप्पभोवती खडूचा गोल.
"ह्यो दात हालतोय बघ."

मग एका रविवारी चार तासांचा ब्लॉक मिळाला.
मिरजेकडनं क्रेन आली.
ईरण्णा हुक्केरीची टोळी, कडोलीचे दोघं,
बाकी कुठली कुठली पोरं.
हुकूम हिंदीत, शिव्या कानडीत,
आणि साखळी ताणली तेव्हा सगळे गप्प.

जुना गर्डर उचलला.
खाली पुरलेलं काही नव्हतं.
एक गंजका पान्हा, पारव्याची पिसं.
पण लोखंड जिथं बसलं होतं
तेवढाच दगड कोरा होता,
घडवणाऱ्याच्या छिन्नीचे घाव अजून पांढरे,
जणू तो आत्ताच भाकरी खायला उठलाय.
मी वाकून बघत होतो तोवर
वरून नवा गर्डर आला.
सरक रे, म्हणून कुणीतरी मला मागं ओढलं.

नव्याला रिव्हेट नाही. सगळं वेल्डिंग.
शट्टूप्पानं सवयीनं चार ठिकाणी ठोकून बघितलं.
चारी ठिकाणी एकच सूर.
जुना बरा होता असं तो एकदाही म्हणाला नाही.
बावीस पावसाळे तो कंदील घेऊन
रात्रीचा ओढ्याचं पाणी मोजायला उतरला होता.
फक्त खिशातला खडू काढून
त्यानं माझ्या हातात दिला.
"तुला लागंल."

पंधरवड्यानं मला फोन: पाटी पुसून टाक.
मी पिवळ्याचे दोन हात दिले.
तरी उन्हं कलली की
रंगाखालून अक्षरं फुगून वर येतात,
आधी नि, मग धा.
न तेवढा नीट बुजलाय.

परवा गाडी गेली.
खिडक्या नव्हत्याच, एक लांब निळा पट्टा.
बायांनी हात थांबवले,
पण थांबवेपर्यंत डबे संपले होते.
एकीनं ओला पिळा तसाच धरून
लोंढ्याच्या बाजूला बघितलं थोडा वेळ.

बिलात मी लिहिलंय:
शब्द एक, खोडणे.
हुबळीच्या ऑफिसातनं विचारणा आलीय,
याचा दर कुठल्या कोष्टकात बसवायचा.