आधी भूक दे

ऐरोलीत, सेक्टर आठच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर
दर रविवारी आमचं मंदिर भाड्यानं उभं राहतं.
फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक तसेच असतात,
पुसायचे नाहीत, अशी अट आहे करारात.
पाळकसाहेब तीन-सप्तमांशासमोर उभे राहून
सार्वकालिक जीवनाविषयी बोलतात.

मी खुर्च्या लावतो. एकशे दहा.
एकोणीस वर्षं झाली.
दानाची पाकिटं मोजतो, स्पीकरची वायर
एका विशिष्ट कोनात धरून ठेवतो.
गीतं मला पाठ आहेत, इतकी
की गाता गाता मनात
किराण्याची यादी करता येते. केली आहे.
कुणी विचारलं, शेलारभाऊ, कसं चाललंय,
तर म्हणतो, प्रभूची कृपा.
खोटं नाही ते.
शिळं आहे.

भूक लागायची मला एके काळी.
कळव्याच्या दहा बाय बारात, भावंडं झोपलेली,
नळ यायच्या आधी मोरीच्या कट्ट्यावर बसून
मी चक्क देवाला म्हणायचो, अजून थोडा थांब ना,
जसा काही तो चपला घालून निघालाच होता.
कधी गेली ती भूक, तारीख वहीत नाही.
भरल्या पोटीच गेली असणार.
देवाबद्दलचं थोडं थोडं खात राहिलो,
प्रवचनं, शिबिरं,
सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या चित्रासकट येणारं वचन,
आणि देवासाठी जागाच उरली नाही.

जानेवारीत तबिथामावशी रणभिसे
कळव्याच्या हॉस्पिटलात, खाट सव्वीस.
नाकात नळी. गिळणं बंद.
पाळकसाहेबांच्या मागे प्रभुभोजनाची पिशवी घेऊन मी.
नर्सनं बजावलं, तोंडातून काही नाही, थेंबसुद्धा नाही.
पाळकसाहेब म्हणाले, मावशी, मनानं घ्या, चालतं.
मावशीनं मान हलवली.
नाही चालत.
औषधाच्या खोक्यावर पेन्सिलीनं तिनं लिहिलं:
वास तरी.

भाकरीचा तुकडा मी तिच्या नाकाशी धरला,
नळी नव्हती त्या बाजूला.
तिनं डोळे मिटले,
आणि तिची हनुवटी आपसूक पुढे आली,
आचळ शोधणाऱ्या वासरासारखी.
ब्याऐंशी वर्षांची बाई.
माझं मनगट तिनं सोडलं नाही बराच वेळ.

नंतर तो तुकडा मलाच खावा लागला, टाकता येत नाही.
त्याला चव होती.
खारट. माझा अंगठा घामेजला होता,
त्यामुळेही असेल.

परतताना विटाव्याच्या पुढे रिक्षा बंद पडली.
खाडी ओसरलेली. लांबवर गुलाबी ठिपके,
माना चिखलात खुपसलेले रोहित.
अलीकडे नुसता चिखल, उघडा, ओला,
खेकड्यांची हजारो बिळं आभाळाकडे वासून.
पाणी ओढून आणायची ताकद चिखलात नसते.
तो फक्त भरून काढत नाही स्वतःला.
रिक्षावाला प्लग पुसत होता.
मला घाई नव्हती.

प्रभू,
तुला मागायला माझं तोंड नाही.
आधी भूक दे.
माझ्या या भरलेपणाला कुठेतरी भोक पाड.
जे तुझ्यासारखं दिसतं आणि तू नसतोस
ते माझ्या ताटातून उचल,
मी हात धरला तरी उचल.
आणि सगळ्या नळ्या लागतील तेव्हा
एक नाकपुडी मोकळी ठेव.

या रविवारी एकशे नऊच खुर्च्या लावल्या.
मागे दाराशी उभा राहिलो.
फळ्यावर कुणा पोरानं गणित अर्ध्यात सोडलं होतं,
बरोबरचं चिन्ह काढलं होतं नीट, दोन रेघांचं,
आणि त्याच्या पुढे
काहीच नव्हतं.
गीत सुरू झालं. मला पहिली ओळ आठवेना.