पुढची

हीउमा बेटावरच्या त्या चर्चमध्ये
ऑर्गनचे सूर लावायला मी दर तीन वर्षांनी जातो.
बोटीचं भाडं मंडळ देतं. मंडळ म्हणजे आता
पाच म्हाताऱ्या, आणि एक हेल्यू,
जिचा कशावरच विश्वास नाही.

किल्ली मात्र तिच्याकडे असते.
"छप्पर गळतं," ती म्हणते, "आणि गळक्या छपराला
आस्तिक-नास्तिक कळत नाही. बादली कुणीतरी ठेवावीच लागते."

मी नळ्यांच्या जंगलात आडवा होऊन शिरतो,
ती बाहेर पट्टी दाबून बसते.
एका वेळी एकच. मी आतून ओरडतो, "पुढची!"
ती पुढची दाबते. असा दिवस जातो.
मध्येच, एखादा सूर लांबलेला असताना,
ती बोलायला लागते.

तीस वर्षं ती शाळेत शिकवत होती :
आकाशात कोणी नाही.
वरून तसा कागदच आला होता, शिक्क्यासकट.
"कागद खरं बोलत होता," ती म्हणते,
"पण शिक्का मारलेलं खरं
माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही.
पोरं मान डोलवायची.
त्यांचे आजे याच बाकांवर
अगदी तश्शीच डोलवायचे."

पुढची.

"आई गेली त्या थंडीत आले होते एकदा. एकटीच.
बोटांत बोटं गुंतवून पाहिली."
"मग?"
"मग काय. हात गार होते, जरा ऊब आली.
हाताला हात लागला की येतेच."

मी काही बोललो नाही.
माझं काम एवढंच : दोन नळ्या जवळजवळ एका सुरात असतात
तेव्हाच जास्त भांडतात, हवा थरथरते.
तार नखाने तसूभर सरकवायची.
थरथर लांबत जाते, लांबत जाते,
आणि नाहीशी होते.
त्या क्षणाला खालचे लोक जे नाव देतात
ते मी देत नाही. तार पितळेची आहे.
श्वास मात्र मीही रोखतो,
हे हेल्यूला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या सप्तकात एक नळी मुकी निघाली.
आत उंदराचं घरटं, भजनांच्या वहीची पानं
कुरतडून, मऊ करून रचलेलं.
एका तुकड्यावर 'चिरंतन'मधलं
नुसतं 'चिरं' वाचता येत होतं.
"उंदराला तरी पचलं," हेल्यू म्हणाली,
आणि हसता हसता तिला ठसका लागला.

रविवारी पाद्री समुद्र ओलांडून येईल.
ती मागच्या बाकावर बसणार आहे,
गाण्यासाठी नव्हे. माणूस एवढ्या लांबून येतो
आणि समोर फक्त पाचजणी, बरं दिसत नाही.

निघताना मी बिल लिहिलं,
पंधरा टक्के सोडले, खाली लिहिलं : देणगी.
तिने चश्मा लावला, पेन मागितलं,
शब्दावर बोट ठेवलं.
"कुणाला?"

मी विचार करत होतो.
धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला.