टमाटे, घर क्रमांक एकोणीस ते बत्तीस

गणनेची बॅग, दोन निळी पेनं, पाण्याची बाटली.
पेढी नदीच्या अलीकडं, निंभोरीच्या वरच्या पुऱ्यात
मी दारोदार विचारत होते : आडनाव?
एकोणीस : टमाटे.
वीस : टमाटे.
एकविसाला कुलूप. शेजारीण म्हणाली,
'थे बी टमाटेच. अमरावतीले गेले, बारशाले.'
बाविसाव्या घरी मला हसू आलं.
आणि याच हसण्यासाठी मी वर्गात
पोरांना बाकावर उभं करते.

पंचफुलाबाईंनी बाज ओढली, पाणी दिलं.
'आमी मूळचे वानखडे, बाप्पा.
पन गावात वानखड्यायची अकरा घरं,
त्यात झिंगराजी तीन.
पटवाऱ्याची भंबेरी उडे.
आमच्या झिंगराजीनं मिशनच्या दवाखान्यातून
मेमसायबाच्या वाफ्यातलं बी आनलं,
पागोट्याच्या शेवात बांधून.
फळ लागलं तं कोनी हात लावेना.
कापलं का मासच दिसे. म्हनत, इख असन.
मंग थो चावडीसमोर बसला
अन् मीठ लावून सात खाल्ले.
सांजवरी गाव वाट पाह्यत होतं, मरते का म्हनून.
थो उठला. धोतराले हात पुसले.
म्हने, उद्यापासून इकत घ्या लागन.'

पटवाऱ्यानं वहीत लिहिलं : झिंगराजी टमाटेवाला.
पुढचा पटवारी घाईत होता.
त्यानं 'वाला' गाळला.

खरी मौज पुढं आहे :
निंभोरीत टमाट्याला टमाटा कोणी म्हणतच नाही.
इथं ते भेद्रं.
भेद्र्याची चटणी, वरणात भेद्रं,
पोराचे गाल भेद्र्यासारखे.
फळावरून शब्द उतरला
आणि माणसांवर जाऊन बसला.

एका झिंगराजीच्या चौदा चुली झाल्या.
मतदारयादीत बासष्ट नावं.
फाट्यावर टमाटे मोबाईल, त्याला लागून टमाटे झेरॉक्स.
एक मिथुन टमाटे कॉलेजच्या चिडवण्याला कंटाळून
राजपत्रात वानखडे झाला,
पण लग्नाच्या पत्रिकेवर
'जुने आडनाव टमाटे' असं छापावं लागलं,
नाहीतर भावकी आलीच नसती.

भेद्रं मात्र आता यांच्यातलं कोणी लावत नाही.
संत्रा आहे, तूर आहे.
भेद्रं शनिवारच्या बाजारातून येतं, पिशवीत,
कांद्याच्या खाली दबून.

तनुश्री नववीत आहे. माझीच विद्यार्थिनी.
उंबऱ्यावरून म्हणाली, 'मॅडम, शोधलं मी.
आपलं आडनाव मेक्सिकोचं आहे.
नाहुआत्ल नावाची भाषा. त्यांचा शब्द टोमात्ल.
म्हणजे रसानं टरारलेलं फळ.
स्पेनच्या लोकांना शेवटचा त्ल जमला नाही,
त्यांनी तो सोडून दिला.
मग गोरे, मग गोवा, मग कोण कोण,
प्रत्येकानं थोडं मोडलं, थोडं जोडलं.
शेवटची मात्रा आपली.'

'म्हन बरं पुन्हा,' पंचफुलाबाई म्हणाल्या.
टोमात्ल.
त्यांनी दात नसलेल्या तोंडानं करून पाहिलं.
जीभ टाळूला लागली, सुटली.
'हे तं माळ्यावरून भेद्रं पडल्यावानी वाजलं!'
आणि त्या हसत राहिल्या,
पुन्हा पुन्हा पाडत राहिल्या ते,
त्ल,
त्ल,
शेजारची पोरं गोळा होईस्तोवर.

मी रकाने भरले.
मातृभाषा : मराठी.
इतर भाषा?
'हिंदी लिवा,' सून म्हणाली.
तनुश्री वाकून बघत होती.
'अन् नाहुआत्ल? एक शब्द येते ना आमाले.'
सांकेतिक क्रमांकांची यादी मी खरंच चाळली.
नव्हता.
शिसपेन नव्हती, निळ्या पेनानं खाडाखोड चालत नाही.
रकान्यात हिंदी लिहिलं,
खाली सही घेतली :
पंचफुला झिंगरू टमाटे,
अक्षर अक्षर सुटं,
टे वरची मात्रा सगळ्यात शेवटी,
जोर देऊन.