एकाला एक

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी साडेसहाला
मी गौण वाक्यं शिकवते.
नाव नोंदवलेले अकरा. येतात चार,
त्यातले दोघं थेट मासळीच्या कारखान्यातून,
म्हणून थंडीतही एक खिडकी उघडी.

लुआ येते नखं रंगवायच्या दुकानातून.
तिनं लिहिलं होतं:
ऑल्दो मी दमले, बट मी आले.

मी ‘बट’ खोडला. हिरव्या पेनानं;
लाल आता मनाला लागतो म्हणे.
एका वाक्याला एक जोड पुरे, म्हटलं,
इंग्रजी काटकसरी आहे, ग्लेनिस ब्लँचर्डसारखी.
कुणी हसलं नाही.

लुआ खोडलेल्या जागेकडे बघत राहिली,
कुत्र्यानं एकच चप्पल पळवावी तशी.
आमच्या व्हिन्हला, ती म्हणाली,
‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ म्हणावंच लागतं.
नाहीतर समोरचा ताटकळतो.
इथे त्याला कोण सांगतं, वाक्य वळलं म्हणून?

स्वल्पविराम, मी म्हटलं.

एवढासा?

मग मी फळ्याकडे वळले.
कर्ता आहे, क्रियापद आहे, सगळं धडधाकट,
पण पुढे ‘बिकॉज’ लागला
की वाक्याला एकट्यानं उभं राहता येत नाही.
तेस्फालेमनं तरी उभं केलंच:
बिकॉज माझा भाऊ लिबियात आहे.
पूर्णविराम, चांगला ठसठशीत.
अपूर्ण, मी समासात लिहिलं.
पुढे काय लिहू?
त्यामुळे काय होतं, ते.
सगळंच, तो म्हणाला,
आणि पेनाला टोपण लावलं.

नऊच्या बसमध्ये मला आई आठवली,
चुलीपाशी लोकरीचे मोजे उलटे करत:
तुझे वडील बोटीवरून आले की—
आणि मोजा उलटाच हातात.
मी सात वर्षांची. मला वाटायचं
मोठी माणसं अशीच बोलतात.

पुढच्या मंगळवारी लुआची वही आली.
नऊ वाक्यं. एकातही ‘बट’ नाही.
फक्त प्रत्येक स्वल्पविरामानंतर
बोटभर जागा कोरी सोडलेली.

पेन उघडून मी बराच वेळ बसले.
व्याकरणाच्या दोन पुस्तकांत शोधलं.
कोऱ्या जागेबद्दल
कुठेच काही म्हटलेलं नाही.