दोर

दव पडणार, असं साहेब सकाळीच म्हणाले,
मोबाइलकडे बघून.
हिराजी तांडेल आभाळाकडे बघून म्हणाला, पडनार.
मग आम्ही दोर बाहेर काढला.

मनगटाएवढा जाड,
पावसाळाभर रोलरमागे वेटोळं घालून निजलेला.
एक टोक माझं, एक हिराजीचं.
तो समुद्राकडून चालतो, मी रुळांकडून.
अकरा वर्षं झाली,
टोकं आम्ही कधी बदलली नाहीत.

तीन सामन्यांचा दौरा. पहिला आपण घेतलेला.
दुसऱ्यासाठी पाहुणे वानखेडेवर आले तेव्हा
त्यांच्यातला एक, नाकाला पांढरं मलम फासलेला,
सराव सुरू व्हायच्या आधी खाली वाकला
आणि गवतावरून हात फिरवून गेला,
परक्या घरातल्या पोराच्या गालावरून
फिरवतात तसा.
हिराजी म्हणाला, यो लंबा खेलनार.

दिवसा सगळं आपलंच होतं.
दोनशे ब्याण्णव. भोंगे, झेंडे,
गालांवर रंग, रंगावर घाम.
दिवे लागले आणि साडेसातच्या सुमाराला
गवत चकाकायला लागलं.
तीस हजार माणसांना ते सुंदर दिसलं असेल.

दव पडताना दिसत नाही, हीच त्याची खोड.
पाऊस बिचारा ओरडून येतो.
आम्ही कव्हरं घेऊन पळतो, घसरतो,
लोक हसतात, टाळ्याही देतात.
दवासाठी पळता येत नाही.

ड्रिंक्सची गाडी आत आली. चार मिनिटं.
दोर ताणायचा नाही, ढिला सोडायचा नाही,
पोटात थोडा वाक ठेवून चालायचं.
"हलू चाल रं पांचाळ," हिराजी पलीकडून ओरडला,
"जालान म्हावरा हाय असा समज!"
आमच्या पुढे गवत चांदीचं,
मागे काळपट हिरवं,
आणि वर मोठ्या पडद्यावर
कुठल्याशा फ्रीजची जाहिरात.

मग आपला तो डावखुरा फिरकीवाला, विशीतला पोरगा,
चेंडू पँटला पुसतो, टॉवेलला पुसतो,
मातीत बोटं घासतो, पुन्हा पुसतो.
चेंडू म्हणजे साबणाची वडी.
फुलटॉस. चौकार.
पुन्हा फुलटॉस.
प्रत्येक वेळी तो आधी हाताकडे बघायचा,
मग गवताकडे,
आणि गवताकडे बघितलं की मला वाटायचं
माझ्याकडेच बघतोय.

सत्तेचाळिसाव्या षटकात संपलं.
मलमवाला नाबाद.
रात्रीच्या वेळी मलम कशाला, देव जाणे.
टीव्हीवर पाच जण कोट घालून दवाबद्दल बोलत होते,
जणू तो पलीकडच्या संघातून खेळला
आणि मानधन घेऊन गेला.

लोक गेले. उरल्या बाटल्या, कागदी झेंडे,
लहान मुलाची एक चप्पल.
आम्ही दोर पिळायला बसलो,
वीत वीत करत, मधल्या वाकापर्यंत.
पाऊण बादली भरली.
हिराजीने बोट बुडवून जिभेला लावलं.
"खारं आहे?"
त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.
पाऊण बादली. एवढं आम्ही काढलं.
बाकीचं मैदानात राहिलं,
त्याने हरलो.
की एवढं काढलं म्हणून
सत्तेचाळिसाव्यापर्यंत तरी गेलो?
हा हिशोब धावफलकावर नसतो.

सकाळी बस विमानतळाकडे गेली.
तिसरा सामना इंदूरला.
हिराजी दोर उन्हात पसरत होता.
"तिकडं कोन वढतं रं?"
"असतील कोणी दोघं."
तो बराच वेळ गप्प राहिला,
एक गाठ सोडवत.
मग म्हणाला,
"सांगाय पायजे त्यांना. पोटान वाक ठेवा."