कसनुसं

दुकमच्या छावणीत, बी-ब्लॉकच्या मागे,
पाण्याच्या टाकीला लागून एक पांढरा कंटेनर.
आत खुर्ची, पंखा, पडदा आणि शफिकुल,
जो पूर्वी फोर्कलिफ्ट चालवायचा,
आता छातीला तारा चिकटवतो,
त्याच सावध हातांनी.

डॉक्टर जुवैना मस्कतला, पाचशे किलोमीटरवर.
मी रुवीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर, कानात हेडफोन.
रात्री आठ ते पहाटे चार
आम्ही तिघं मिळून एक दवाखाना होतो.

माझं काम करारात दोन ओळींचं आहे:
ऐकलं ते सांगायचं. वाढवायचं नाही, गाळायचं नाही.
स्वतःबद्दल बोलायचं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एक हनुवटी येते.
मग कॅमेरा सरळ होतो.
महारुद्र बिराजदार, उदगीर. परांची बांधतो.
"काय होतंय?"
"काही नाही ओ ताई. पित्त झालंय.
सोडा मागायला आलतो, ह्यानं धरून बसवलं."
"पण होतंय काय?"
"कसनुसं व्हायलंय."

डॉक्टरांसमोर यादी उघडी असते,
दुखण्याचे सात प्रकार, एकावर टिचकी मारायची.
टोचतं, जळतं, आवळतं…
कसनुसं कुठे टाकू?

आमच्याकडे हा शब्द आई वापरायची,
भाकरी थापता थापता परात बाजूला सारून.
कुणी उठायचं नाही.
पाणी दे म्हणायची, तेवढं द्यायचो.

इंग्रजीत मी म्हणते, अस्वस्थ.
मग म्हणते, तसं नाही.
मग म्हणते, डॉक्टर, हे दुखणं नव्हे,
आत कुणीतरी सामान हलवतंय
आणि घर आपलंच आहे, असं काहीतरी.

करारानुसार हे वाढवणं झालं.

जुवैना चष्मा वर सरकवते. "घाम?"
"एसीत बसून आलाय. बनियन पिळून घ्या."
"डावा हात?"
"जड हाय जरा. दिवसभर पाइप उचलले की."
शफिकुल तारा लावतो, कागद सरकत राहतो.
त्या रेघा मला वाचता येत नाहीत.
मी जुवैनाचा चेहरा वाचते,
दुसऱ्या खिडकीतला, अंगठ्याएवढा.

तेवढ्यात तो कॅमेऱ्याजवळ येतो, आवाज खाली आणतो,
डॉक्टरला चुकवून माझ्याच कानात बोलल्यासारखा:
"ताई, हे कंपनीला कळंल का? परत धाडतेत.
एजंटचे निम्मे पैसे अजून फिटायचेत."

हेही सांगायचं असतं. सांगते.
जुवैना गप्प.
मी रेंज बघते. सगळ्या दांड्या हिरव्या.
"त्याला सांग, मला माहीत नाही.
सांग, गाडी निघाली आहे.
सांग, गोळी चावायची, गिळायची नाही."
तिन्ही वाक्यं मी त्याच क्रमाने देते.
पहिलं मराठीत फार लांब वाटतं.

गोळी चावता चावता तो विचारतो,
"ताई, तुमचं गाव कोणतं हो?"
नियम आहे.
मी म्हणते, "बोलू नका आता. टेकून बसा."

गाडी येते. दारात स्ट्रेचरचं चाक अडतं,
कुणीतरी मल्याळममध्ये ओरडतं, चाक सुटतं.
मग खुर्ची तेवढी उरते
आणि तिच्या हातावर वाळत पडलेला बनियन.

कॉल तोडायचा राहून जातो.
पडद्यावर प्रश्न: संभाषण कसं झालं? तारे निवडा.
त्याखाली एक चौकट: नवीन शब्द सुचवा.
मी कसनुसं लिहिते.
अर्थाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहतो,
चहावर साय धरते.

"निलंगा," मी म्हणते.
मोठ्याने, रिकाम्या खुर्चीला.

शफिकुलचा झाडू थांबतो.
तो खिशातून पेन काढतो, तळहात पुढे धरतो.
"कौन सी दवाई, दीदी? फिर से बोलो."